इथलं इथंच राहील

आमची ताई हल्ली रागावत नाही. ही माझी काळजी आहे आणि ती काही केल्या जात नाही. कुणाला सांगायची सोय नाही, लोक हसतात. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "लोकांच्या मुली आदळआपट करतात म्हणून आया रडतात. तुझं काहीतरी भलतंच."

मागच्या आठवड्यात तिच्या घरी मी सूप गरम करायला ठेवलं आणि खिडकीतून खालच्या बाईशी बोलत बसले. पातेलं जळून काळं ठिक्कर पडलं. नवीन होतं, तिने हौसेने आणलेलं. ती कामावरून आली, गॅस बंद केला, दुसरी खिडकी उघडली आणि म्हणाली, "ठीक आहे, आई." बस उशिरा येणार आहे, हे ज्या आवाजात सांगतात त्या आवाजात. पूर्वीची ताई असती तर तिने मला स्वयंपाकघरातून हाकलून दिलं असतं, चार दिवस टोमणे मारले असते आणि पाचव्या दिवशी स्वतःच हसली असती. आता ती अंगावरचा कोटही न काढता खुर्चीत बसली आणि भिंतीकडे बघत राहिली. भिंतीवर काही नव्हतं.

लहानपणी तिचा राग अख्ख्या बिल्डिंगला माहीत होता. धाकट्याने तिची पेन्सिल घेतली तर पेन्सिलीच्या आधी धाकटाच मोडेल अशी धास्ती असायची. तळमजल्यावरचे शिंपीकाका मला जिन्यात गाठून म्हणायचे, "वहिनी, दुपारी काय वादळ आलं होतं का? माझ्या मशीनचा दोरा तुटला." धाकटा झाल्यावर ती त्याची ताई झाली, मग हळूहळू सगळ्यांचीच झाली, माझीसुद्धा.

अशी मुलगी पुढे भांडणं मिटवायच्या धंद्यात पडेल असं कुणाला वाटलं असतं? कायदा शिकली, मग कामगारांचे आणि मालकांचे तंटे सोडवणाऱ्या एका ऑफिसात लागली. तिथे एका म्हाताऱ्या मध्यस्थाच्या हाताखाली तिने काम केलं. समोरचा बोलत असताना आपल्या उत्तराची तयारी करायची नाही, हे त्याने तिला शिकवलं. घरी येऊन ती त्याचा सराव आमच्यावर करायची. टीव्हीचा रिमोट मिळवायलाही आम्हाला दोन्ही बाजू मांडाव्या लागत. आम्ही हसत होतो, पण घरातली भांडणं खरंच कमी झाली, आणि तिचा आवाज खाली आला.

तिचं लग्न मोडलं तेही असंच. दोघं टेबलाशी बसले, बोलले, पुस्तकं वाटून घेतली. जावई कपाट उतरवून द्यायला स्वतः आले, चहा पिऊन गेले. बघणाऱ्याला वाटावं, दोघं मिळून घर बदलतायत. रडलो ते आम्ही, मी आणि तिची सासू, जिन्यात, एकमेकींचा हात धरून. ताई वरून म्हणाली, "आई, कपाटाला वाट दे." तेव्हाच मला काळजी वाटायला हवी होती. पण मी म्हटलं, मुलगी शहाणी आहे.

त्यानंतर कॉलेजची नोकरी मिळाली. तिथे ऑनर्सच्या मुलांसाठी एक खास विषय आहे, शांतता आणि नेतृत्व. ह्यांनी विचारलं, "शांत बसायला शिकवायचे पगार देतात?"

"शांत बसायला नाही हो बाबा, भांडायला शिकवते. नीट."

तिचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. प्रोजेक्टर आहे पण तो बंद. चार टेबलं एकमेकांना चिकटवलेली आणि भोवती खुर्च्या. ह्याला ती वर्तुळ म्हणते. पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणालं होतं, "मॅडम, हा चौकोन आहे," आणि तेव्हापासून दर वर्षी कुणीतरी ते म्हणतंच. वर्गाच्या पद्धती साध्या आहेत. दर आठवड्याला एक जण प्रमुख. प्रमुखाने सगळ्यांच्या शेवटी बोलायचं, आधी नाही. दोघांचं भांडण असेल तर एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. सांगणारा "बरोबर" म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा सांगायचं, आणि मगच आपली बाजू मांडायची. सुरुवातीला सगळ्यांनी टेबलावर हात ठेवून म्हणायचं, "इथलं इथंच राहील." म्हणजे खोलीत जे ऐकलं ते बाहेर जाणार नाही. कुणाचं काही बाहेर सांगायचंच असेल तर खोलीतल्या प्रत्येकाचा होकार लागतो. एकाचाही नकार आला की विषय संपला.

मुलं सगळी पहिल्या नंबरवाली. ताई कौतुकाने सांगायची, "आई, ह्यांना हरताच येत नाही. समजूत घालण्यातसुद्धा पहिलं यायचं असतं. काल एकाने विचारलं, मॅडम, माफी मागण्याला किती मार्क आहेत?"

हे सगळं मला इतकं नीट माहीत आहे, कारण ह्या वेळी मी त्या खोलीत होते.

पहिल्या सत्राच्या शेवटी मुलांना आपलं खरं भांडण आणावं लागतं. रचलेलं चालत नाही. त्या दिवशी बाहेरचं एखादं वयस्कर माणूस ऐकायला बसवतात, म्हणजे परक्यासमोर बोलायची सवय होते. ह्या वेळी येणाऱ्या निवृत्त नर्सबाई आजारी पडल्या आणि ताईने मला विचारलं.

"आई, फक्त ऐकायचंय. जमेल?"

"न जमायला काय झालं?"

"तू टीव्हीवरच्या बातम्यांनाही उत्तरं देतेस."

मी गेले. टेबलावर हात ठेवला. सगळ्यांबरोबर म्हणाले, इथलं इथंच राहील. आणि तोंड बंद ठेवून बसले.

भांडण होतं एका मुलीचं आणि एका मुलाचं. मुलीला वर्गात लायब्ररी म्हणतात, कारण ती इतकं हळू बोलते की जवळ गेल्यावाचून ऐकू येत नाही. मुलाला माईक म्हणतात. का ते सांगायला नको. दोघांनी मिळून एक अभ्यास केला होता. शहरातल्या घाऊक भाजीबाजारात पहाटे जागेवरून भांडणं होतात आणि बाजारातली माणसं ती पोलिसांकडे न जाता आपसात कशी मिटवतात, ह्यावर. लायब्ररी पहाटे पहाटे बाजारात जाऊन माणसांशी बोलत होती. हा अभ्यास छापून आला तेव्हा नाव एकट्या माईकचं होतं.

मुलीने तिचं सांगितलं, दोन-तीन वाक्यांत. माईकने ते परत सांगितलं, तिच्यापेक्षा चांगलं. मग त्याची पाळी. आधी तो वळणावळणाने बोलला. म्हणाला, दडपण होतं, घरच्यांच्या अपेक्षा होत्या. ताई नुसती त्याच्याकडे बघत राहिली. आणि मुलगा एकदम खाली बघून म्हणाला, "मी बाजारात दोनदाच गेलो. बाकी सगळं हिचं आहे. पाठवताना मी हिचं नाव काढलं. चुकून नाही, मुद्दाम."

नियमाप्रमाणे लायब्ररीला ते परत सांगावं लागलं. ती म्हणाली, "तू दोनदा आलास. बाकी काम माझं. माझं नाव तू मुद्दाम काढलंस." तो "बरोबर" म्हणाला आणि रडायला लागला. मुलांनी त्याच्यापुढे कागदी रुमाल सरकवले. लायब्ररीसमोर कुणी काही सरकवलं नाही, ती रडत नव्हती. प्रमुख शेवटी बोलला, छान बोलला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा. खाली उतरताना मी ताईला म्हटलं, "तुझं काम आज समजलं गं मला." तिचा चेहरा फुलला. तिला मी तसं हसताना पाहिलं ते शेवटचं.

माईकने नाव दुरुस्त करून घेतलं नाही. थोड्या दिवसांनी त्याच अभ्यासावर त्याला पुढच्या शिक्षणासाठी मोठी फेलोशिप जाहीर झाली. लायब्ररीने तक्रार केली. चौकशीला एक समिती बसली. समितीसमोर माईक म्हणाला, ती मदतीला यायची, अभ्यास माझा आहे, आणि आमचं जे काही होतं ते मॅडमच्या वर्गात मिटलंय. समितीने विचारलं, वर्गात काय ठरलं? माईक म्हणाला, "ते सांगता येत नाही. तिथला नियम आहे."

मग त्यांनी वर्गातल्या एकेका मुलाला बोलावलं. प्रत्येक जण तेच म्हणाला, तिथलं बाहेर सांगत नाही. लायब्ररीला विचारलं, तीही तेच म्हणाली. ताईला विचारलं. ताईनेही तेच सांगितलं. समितीच्या अध्यक्ष बाई तिला म्हणाल्या, "मुलं फार शिस्तीची आहेत तुमची."

बाजारातल्या मुलाखती दोघांच्या नावाने ठेवलेल्या, फोनवरचं बोलणं सगळं गोड गोड. हातात धरावं असं काही नाही. सोमवारी समितीची शेवटची बैठक आहे. तक्रारीला आधार मिळाला नाही तर तक्रार खोटी ठरेल, आणि खोटी तक्रार करणाऱ्याला ऑनर्समधून काढतात. म्हणजे लायब्ररी जाणार.

हे ताईने मला तिच्या स्वयंपाकघरात सांगितलं, त्या जळक्या पातेल्यापुढे बसून.

मी म्हटलं, "अगं, पण तो सगळ्यांसमोर कबूल झालाय. सांगून टाक."

"म्हणजे तुला वाटतंय की नियमापेक्षा त्या मुलीचं नुकसान..."

"माझंच मला परत सांगू नकोस. मला वाटत नाहीये, मी ऐकलंय. ह्या कानांनी."

"आई, तूही हात ठेवला होतास."

"हो, ठेवला होता. तू सगळ्यांचा होकार विचारलास का?"

"विचारला. सगळे हो म्हणाले. एक सोडून."

"काय म्हणाला तो?"

"म्हणाला, मॅडम, तुम्हीच शिकवलंय."

हे सांगतानाही तिचा आवाज तसाच होता. मला वाटलं, आता ही काहीतरी फेकेल. फेकायला टेबलावर बशी होती. तिने बशी उचलली आणि सिंकमध्ये ठेवली.

मग तिने मला समजावलं, पहिल्या वर्षाच्या मुलांना समजावते तसं. दोन वर्षांपूर्वी एका मुलाने वर्तुळात सांगितलं होतं की त्याचे वडील तुरुंगात आहेत. कॉलेजात कुणाला ठाऊक नव्हतं. खोलीतून ते बाहेर गेलं नाही आणि मुलगा शिकून बाहेर पडला. "मी एकदा बोलले ना आई, की पुढे कुणी खरं बोलणारच नाही. माईकही खरं बोलला तो त्या नियमाच्या भरवशावर."

"आणि खोटं बोलतोय तो कशाच्या भरवशावर?"

तिने नळ सोडून बशी धुतली. नंतर म्हणाली, "मी राजीनामा देईन बहुतेक. सोमवारनंतर."

"नंतर कशाला? त्याने त्या मुलीचं काय होणार?"

"काही नाही."

एवढंच. "काही नाही." आणि मी बसले होते. मलाही काही वाटत नव्हतं, ह्याची नंतर भीती वाटली. तिचं चुकतंय असं म्हणता येत नाही, बरोबर आहे असंही म्हणता येत नाही. घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं, फक्त वर्तुळातलं सोडून. इतकी सवय मलाही लागली होती. हे निवृत्त होईपर्यंत नकाशे काढत होते, त्यामुळे ह्यांना कुणाची हद्द कुठपर्यंत ते लगेच कळतं. म्हणाले, "तू मध्ये पडू नकोस. तिचं काम आहे, ती बघेल."

"ती बघतच नाहीये. तोच तर प्रश्न आहे."

"मग तू काय करणार? जाऊन भांडणार?"

ताई चष्मा माझ्याकडेच विसरून गेली होती म्हणून आज दुपारी तो द्यायला कॉलेजात गेले. ताई तासावर होती. दाराच्या काचेतून पाहिलं तर मुलं नेहमीसारखी बसलेली, हात टेबलावर. माईक प्रमुखाच्या खुर्चीत होता. सगळं व्यवस्थित चाललं होतं. कुणाचा आवाज चढलेला नव्हता. एक खुर्ची रिकामी होती.

चष्मा शिपायाकडे दिला आणि खाली आले तर जिन्याखालच्या लोखंडी कपाटांपाशी लायब्ररी. आपलं कपाट रिकामं करत होती. पुस्तकं, एक छत्री, चिखल वाळलेले रबरी बूट. मला बघून ओळखीचं हसली.

"काकू, तुम्ही त्या दिवशी होतात ना?"

"होते."

मला वाटलं, आता ही विचारणार. पण ती घाईघाईने म्हणाली, "नाही नाही, तुम्हाला काही म्हणत नाहीये. नियम माहितीये मला."

बूट पिशवीत जात नव्हते. मी पिशवी धरली, तिने ते कोंबले.

"सोमवार अजून व्हायचाय," मी म्हटलं. "आत्ताच कशाला आवरतेस?"

"सोमवारी मी येणारच नाहीये काकू. येऊन काय बोलणार? त्यांनी विचारलं की मी गप्प, मॅडम गप्प. नुसतं बसायचं." मग म्हणाली, "घरी सांगितलंय की कोर्स आवडला नाही."

"आई काय म्हणाली?"

"म्हणाली, तू कधीच काही पूर्ण करत नाहीस."

इतकं हळू म्हणाली की मला पुढे वाकावं लागलं. तिच्या आवाजातही काही नव्हतं, राग नाही, रडू नाही. तोच आवाज, ठीक आहे, आई. मी दोघींना आठवड्याभरात ऐकलं आणि मला आवाज वेगळे करता येईनात. माझ्या मुलीने तिला हे शिकवलंय, चांगल्या मनाने, तास घेऊन, मार्क देऊन.

मी तिला म्हटलं, "सोमवारी ये."

"कशाला?"

"ये म्हटलं ना. मोठ्या माणसाचं ऐकावं कधीतरी."

ती पहिल्यांदा थोडी हसली. "काकू, तुम्ही मॅडमच्या आई शोभत नाही."

बसमध्ये बसल्यावर मला कळलं की मी तिला काहीतरी कबूल करून आले आहे.

संध्याकाळी कॉलेजच्या ऑफिसात फोन करून विचारलं. खोलीत हजर असलेल्या कुणाचंही म्हणणं समिती ऐकते, बाहेरच्याचंही. कुणी माझं नाव सांगितलं नाही, कारण कुणी काहीच सांगितलं नाही. मी गेले तर काय होईल ते मला माहीत आहे. माईकची फेलोशिप जाईल. पुढच्या वर्षी त्या टेबलावर हात ठेवताना मुलं बिचकतील, म्हणतील, मॅडमच्या आईनेच सांगितलं होतं. ताईने वर्षानुवर्षं जे उभं केलं त्याला मी आतून सुरुंग लावणार आहे. तिने मला विश्वासाने बोलावलं होतं आणि मी हात ठेवून शब्द दिला होता. तो मी मोडणार आहे. ह्याला दुसरं गोड नाव नाही आणि मी शोधतही नाही. पण एका बाजूला शब्द आहे आणि दुसऱ्या बाजूला एक मुलगी, जी आपल्या आईला सांगते आहे की कोर्स आवडला नाही.

एकच गोष्ट ठरत नव्हती, ताईला आधी सांगायचं की नंतर. आधी सांगितलं तर ती मला समजावेल, आणि ती फार चांगलं समजावते. नंतर सांगितलं तर समितीच्या दारात मला बघूनच तिला कळेल. तसं नको. मी सोमवारी जाते आहे, हे तिला माझ्या तोंडून कळलं पाहिजे, बैठकीच्या आधी. म्हणजे तिला वाटलं तर तीही तोंड उघडेल, नाहीतर माझ्याशी बोलणं टाकेल. दोन्हीची माझी तयारी आहे. तिने "म्हणजे तुला असं वाटतंय" म्हणून सुरुवात केली की मी मध्येच तोडणार आहे.

आता फोन करायची वेळ नाही. सकाळी ती चहा ठेवते आणि उकळेपर्यंत ओट्यापाशी उभी असते, फोन तिथेच असतो. तेव्हा करणार.